काळा डबा आणि गप्पीची पिल्ले





वार्तापत्राच्या या पानावर दर वेळी आम्ही निकाल, शिस्त, परीक्षा आणि वेळेवर फी भरणे यांविषयी लिहितो. यंदा माशांविषयी लिहिणार आहोत. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात शिकलो, तेव्हा लिहिताना एखादा शब्द इंदुरी वळणाचा आला तर मराठीच्या शिक्षिकांनी तो पोटात घालावा. कार्यालयाबाहेरच्या काचेच्या पेटीला आम्ही अजूनही मछलीघर म्हणतो, मराठीच्या बाई मत्स्यालय म्हणतात आणि मुले फिशटँक म्हणतात. मुलांची संख्या जास्त असल्यामुळे इथे फिशटँकच म्हणू.

हा फिशटँक गेल्या जुलैत एका माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट दिला. लांबी २४ इंच, रुंदी १२ आणि उंची १५ इंच. खालची रेती आणि वर सोडलेली जागा वजा केली, तर त्यात साधारण ६० लिटर पाणी मावते. दाता म्हणाला, "सर, फिल्टर तुमच्या पसंतीने घ्या, पैसे मी देतो." आम्ही दुकानात गेलो आणि आपल्या नेहमीच्या सवयीने सांगितले, "सगळ्यात ताकदीचा द्या." दुकानदाराने तासाला ८०० लिटर पाणी ओढणारा, पाण्यात बुडवून ठेवायचा एक काळा डबा दिला. टँक केवढा आहे हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. मोठे ते चांगले, एवढाच आमचा हिशोब होता.

विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र एक चांगले काम केले. त्यांनी टँक भरून, फिल्टर चालू करून, चिमूटभर खाणे टाकत जवळजवळ सहा आठवडे मासे न घालता तसाच ठेवला. मुले रोज येऊन विचारत, "सर, मासे कुठे आहेत?" आम्हालाही हा उशीर कळत नव्हता. त्याचे कारण पुढे कळले, आणि ते कळायला आम्हाला जबर किंमत मोजावी लागली.

ऑगस्टच्या शेवटी बारा गप्पी आणले, आठ माद्या आणि चार नर. गप्पी हा आपल्याकडे डासांच्या अळ्या खाणारा म्हणून माहीत असलेला मासा. मलेरिया विभागाची माणसे पाण्याच्या हौदात सोडतात तो हाच. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. त्रिनिदादहून १८६६ मध्ये रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. मुलांचे मत वेगळे होते. कोणी म्हणे गप्पा मारतो म्हणून गप्पी, कोणी म्हणे गप्प बसतो म्हणून गप्पी.

गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्ले देतो. मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-पंचवीस, कधी त्याहूनही जास्त पिल्ले देते. पिल्लू जन्मते तेव्हा सहा-सात मिलीमीटर लांबीचे असते, तांदळाच्या कणीएवढे. दोन डोळे आणि मागे एक पारदर्शक रेघ. सप्टेंबरमध्ये एका सकाळी आपल्या टँकमध्ये अशी पिल्ले दिसली आणि प्रार्थना दहा मिनिटे उशिरा सुरू झाली.

पाचवीतली एक विद्यार्थिनी त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत टँकसमोर उभी राहू लागली. तिचे नाव इथे देत नाही, कारण तिने तशी अट घातली आहे. ती वर्गात फार बोलत नाही. शिक्षकांच्या नोंदीत तिच्यापुढे "अबोल" असा शेरा आहे. ती पिल्ले मोजायची आणि वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहायची. पहिल्या दिवशी २६. तिसऱ्या दिवशी १९. सहाव्या दिवशी १४. त्या दिवशी ती कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, पिल्ले कमी होतायत."

आम्ही फाइलमधून मान वर न करता म्हणालो, "बेटा, मोठे मासे लहान माशांना खातात. निसर्गाचा नियम आहे."

ती गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. आता आकडा ९ होता.

"सर, मोठे मासे नाही खात. तो काळा डबा खातो त्यांना. मी पाहिलं."

आम्ही हसलो. कार्यालयात दोन शिक्षक बसले होते, तेही हसले. ती उभीच राहिली, मग वही छातीशी धरून निघून गेली. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते हसणे आहे. तीस वर्षांहून अधिक काळ शिकवतो आहोत. निरीक्षण करा, नोंद ठेवा, मग निष्कर्ष काढा, असे दर विज्ञानमेळ्यात मुलांना सांगतो. एका मुलीने नेमके तेच केले आणि आम्ही तिला निसर्गाचा नियम ऐकवून परत पाठवले.

त्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळी सेवककाका धावत आले. एक नर मासा, मोठ्या नारिंगी शेपटीचा, फिल्टरच्या फटींना चिकटला होता. शेपटी आत ओढली गेली होती. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्लग काढला, पण तो मासा मेलेला होता. त्यांनी सांगितले की धडधाकट मोठा मासा सहसा असा चिकटत नाही, तो ओढीतून निसटू शकतो. हा दोन दिवस पर मिटून कोपऱ्यात पडून होता. आजारी असेल, थकला असेल, आणि जड शेपटीमुळे त्याला ओढ सोडवली नसेल. म्हणजे फिल्टरला चिकटलेला मोठा मासा दिसला तर दोष एकट्या फिल्टरवर ठेवून थांबायचे नाही. पाणी आणि माशाची तब्येतही पाहायची.

मग त्यांनी एका बादलीत टँकचेच पाणी घेतले, डबा त्यात ठेवून उघडला. बाहेर प्लास्टिकचे काळे कवच, त्याला उभ्या फटी. आत स्पंज आणि वर मोटर. कवच आणि स्पंज यांच्यामधल्या अरुंद जागेत काहीतरी हलले. पाच पिल्ले जिवंत होती. तीन मेलेली होती.

ती मुलगी तिथेच उभी होती. "मी म्हटलं होतं" असे ती म्हणाली नाही. तिने फक्त वहीत लिहिले, ५ आणि ३.

हिशोब पाहा. २६ मधून ९ उरली, म्हणजे १७ गेली. त्यातली ८ डब्यात सापडली. बाकीची बहुतेक मोठ्यांनीच खाल्ली असणार, कारण गप्पीची आईसुद्धा आपली पिल्ले खाते. म्हणजे आम्हीही अर्धे बरोबर होतो. पण अर्धे बरोबर असणाऱ्या माणसाने पूर्ण चूक असल्यासारखे हसू नये.

त्यानंतर जे घडले ती चूक पहिलीपेक्षा मोठी होती आणि ती पूर्णपणे आमची आहे. पिल्ले पाहून आम्हाला इतकी लाज वाटली की आम्ही तिथल्या तिथे हुकूम सोडला, "हा डबा बंद करा. सोमवारपर्यंत चालू करायचा नाही." विज्ञानाचे शिक्षक काही सांगू पाहत होते. आम्ही त्यांनाही थांबवले. वर, दोन दिवस सुट्टी म्हणून सेवककाकांना मूठभर खाणे टाकायला सांगितले. शनिवारी दुपारी दोनपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत, ४२ तास, फिल्टर बंद राहिला.

सोमवारी आलो तेव्हा सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. पाणी दुधाळ झाले होते, वास येत होता. सेवककाकांनी घाबरून फिल्टर चालू केला, तर त्यातून काळे घाण पाणी टँकमध्ये आले. दुपारपर्यंत आणखी तीन मोठे मासे गेले. पिल्ले तेवढी वाचली, कारण शनिवारीच शिक्षकांनी जिवंत पाच आणि टँकमधली नऊ अशी चौदा पिल्ले वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवली होती.

आता त्या सहा आठवड्यांचा अर्थ आम्हाला कळला. तो पालकांनाही कळावा म्हणून सांगतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनिया होतो. थोड्या प्रमाणातही तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि रेतीत सूक्ष्म जिवाणूंची वस्ती होते. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की ताब्यात राहते. ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे फिल्टर नुसता गाळणी नाही. त्याच्या पोटात जिवंत कामगार आहेत आणि त्यांना सतत ताजे, प्राणवायू असलेले पाणी लागते. पाणी थांबले की बंद डब्यातले जिवाणू गुदमरून मरू लागतात आणि तिथेच कुजतात. फिल्टर पाणी हलवत असतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायूही मिसळत राहतो. तोही थांबतो. त्यात आम्ही मूठभर खाणे टाकून कुजायला भर घातली होती.

अर्धे पाणी बदलले, डबा धुतला, उरलेले आठ मासे वाचले. दुपारी ती मुलगी आली आणि तिने विचारले, "सर, मग डबा चांगला की वाईट?"

या वेळी आम्ही फाइल बंद केली आणि म्हणालो, "माहीत नाही. आपण शोधू या."

पहिला उपाय आमचाच होता. मच्छरदाणीचा तुकडा आणून डब्याच्या फटींवर ताणून रबराने बांधला. पिल्ले आत जाणार नाहीत, काम झाले. प्रयोग म्हणून बरणीतली दोन पिल्ले टँकमध्ये सोडली. पिल्ले आत गेली नाहीत हे खरे, पण तासाभरात एक पिल्लू जाळीलाच चिकटलेले दिसले. मुलीने पटकन प्लग काढला म्हणून ते सुटले. शिवाय जाळीवर खाण्याचे कण आणि शेवाळ जमू लागले. जेवढी छिद्रे बुजत, तेवढी उरलेल्या छिद्रांतली ओढ वाढत जाई.

गणिताचे शिक्षक आठवीच्या वर्गाला घेऊन आले आणि त्यांनी व्हरांड्यातच फळा मांडला. तासाला ८०० लिटर म्हणजे सेकंदाला साधारण २२२ घन सेंटिमीटर पाणी. डब्याला १२ फटी, प्रत्येक २ सेंटिमीटर लांब आणि २ मिलीमीटर रुंद. सगळ्या मिळून क्षेत्रफळ ४.८ चौरस सेंटिमीटर. २२२ ला ४.८ ने भागा. फटीतून पाणी सेकंदाला सुमारे ४६ सेंटिमीटर वेगाने आत जाते. तांदळाच्या कणीएवढ्या जिवाने त्याच्याशी कसे लढावे? जाळी लावली तरी पाणी शेवटी त्याच फटींतून जाणार. जाळी फटींना चिकटून ताणलेली, त्यामुळे ओढ जवळजवळ तेवढीच राहिली.

मग त्यांनी दुसरे गणित मांडले. कवचावर बाहेरून जाड स्पंजची टोपी चढवली तर? टोपीची बाजू ७ सेंटिमीटर, उंची १४. चारही बाजू मिळून ३९२ आणि तळ ४९, एकूण ४४१ चौरस सेंटिमीटर. आता तेच २२२ घन सेंटिमीटर पाणी एवढ्या पसरट पृष्ठातून आत शिरते. २२२ भागिले ४४१ म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा सेंटिमीटर. स्पंज सगळीकडून सारखे पाणी ओढत नाही, हे एका मुलाने बरोबर दाखवून दिले. शिक्षक म्हणाले, "चार-पाच पट चूक धरा, तरी कुठे ४६ आणि कुठे दोन-अडीच."

स्पंज घालून पाहिला. एक पिल्लू सरळ त्या स्पंजवर जाऊन बसले, त्यावरचे काहीतरी टिपले आणि आरामात उडून गेले. व्हरांड्यात टाळ्या पडल्या. ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती, वहीत काहीतरी लिहीत होती.

नंतर कळले की अनुभवी मासेपालक हेच करतात, आणि लहान पिल्लांसाठी त्याहूनही साधा उपाय वापरतात. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. त्यात पाण्यात फिरणारे पाते नसते, बुडबुडे वर जाताना स्पंजमधून पाणी हळू ओढले जाते. किंमतही कमी. आम्ही दुकानात तो पाहिला होता आणि स्वस्त म्हणून नाकारला होता.

ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्या पालकांसाठी, आम्ही ठोकर खाऊन शिकलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. फिल्टर टँकच्या मापाचा घ्या. लहान माशांच्या साध्या टँकमध्ये तासाला चार ते सहा वेळा सगळे पाणी फिरेल एवढा प्रवाह पुरतो. आपल्या ६० लिटरला २४० ते ३६० लिटरचा फिल्टर पुरला असता. आम्ही ८०० चा लावला होता, म्हणजे तासाला तेरा वेळा.

२. पाणी ओढणाऱ्या तोंडावर जाड, सच्छिद्र स्पंज लावा. स्पंज जेवढा मोठा, तेवढी ओढ कमी. नुसती घट्ट जाळी बांधून निश्चिंत होऊ नका.

३. बाहेर येणाऱ्या पाण्याची धार काचेकडे वळवा, म्हणजे लहान आणि लांब शेपटीच्या माशांना दिवसभर प्रवाहाशी झगडावे लागत नाही. एका कोपऱ्यात शांत पाणी आणि दाट वनस्पती असू द्या. पिल्लांना मोठ्यांपासून लपायलाही तीच जागा लागते.

४. स्पंज आठवड्या-दोन आठवड्यांनी पिळून धुवा, पण नळाखाली नाही. आपल्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असते, ते स्पंजमधले उपयोगी जिवाणू मारते. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच धुवा. टाकायच्या आधी ते पाणी नीट निरखा, एखादे पिल्लू असू शकते. टँकमध्ये भरायचे नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरा.

५. घाबरून फिल्टर बंद करू नका. वीज जाऊन तो अनेक तास बंद राहिला असेल, तर आधी उघडून टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच चालू करा. बंद असेपर्यंत खाणे टाकू नका. मोठे गप्पी दोन दिवस उपाशी राहू शकतात, कुजलेल्या पाण्यात राहू शकत नाहीत.

६. पिल्ले जास्त झाली तर तलावात किंवा नदीत सोडू नका. गप्पी बाहेरचा मासा आहे, भराभर वाढतो आणि तिथल्या मूळच्या लहान माशांची जागा घेतो. आपला सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे. त्याची काळजी घेणे आपले काम आहे.

आता विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द, कारण हा लेख वाचून काहींना वाटेल की प्राचार्यांना दुसरे काम उरले नाही.

त्या गणितानंतर आम्ही मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलो. तिथे दोन नळ आहेत. गेल्या वर्षी पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांनी तक्रार केली होती की मुले बाटली रिकामी झाल्यावर तहानलेली घरी येतात, धक्काबुक्कीत पुढे जाऊ शकत नाहीत. आम्ही तेव्हा पाटी लावली, "रांगेत उभे राहा", आणि दोन मॉनिटर नेमले. तक्रार निकाली काढल्याची नोंद आमच्याच सहीने आहे. आता उभे राहून पाहिले, तर रांग होती आणि पहिलीची मुले त्या रांगेत भिंतीला चिकटून दाबली जात होती. घंटा झाली तेव्हा त्यांच्यातली कितीतरी तशीच परत गेली.

आम्ही हिशोब केला. एका मुलाला दहा सेकंद धरले, तर दोन नळांवर पंधरा मिनिटांत १८० मुले पाणी पितात. त्या सुट्टीत मैदानावर असतात ३४० मुले. आमची पाटी आणि आमचे मॉनिटर म्हणजे ती मच्छरदाणी होती. ओढ तेवढीच ठेवून आम्ही वर जाळी ताणली होती. मोठी मुले वाईट नाहीत, त्यांनाही तहान लागते. फटच लहान आहे.

म्हणून येत्या बैठकीत आम्ही चार नव्या नळांचा प्रस्ताव ठेवत आहोत, त्यातले दोन पहिली-दुसरीच्या मुलांच्या उंचीचे. सहा नळांवर त्याच पंधरा मिनिटांत ५४० मुलांची सोय होईल. प्लंबरचे अंदाजपत्रक सोबत जोडू. खर्च पाहण्याआधी विश्वस्तांनी एक दिवस मधल्या सुट्टीत तिथे येऊन पाच मिनिटे उभे राहावे, एवढी विनंती आहे. आम्हीही आधी कार्यालयात बसूनच निर्णय घेतला होता.

आणखी एक बदल आम्ही स्वतःच्या अधिकारात केला आहे. टँकशेजारी दोरीला बांधलेली एक वही ठेवली आहे. शाळेत काही बिनसलेले दिसले, मग ते माशांचे असो, जिन्याचे असो की वर्गातल्या पंख्याचे, कोणत्याही विद्यार्थ्याने त्यात लिहावे. नाव लिहायची सक्ती नाही. दर शनिवारी आम्ही ती वाचतो आणि प्रत्येक नोंदीपुढे काय केले ते लिहितो. काही नोंदी गमतीच्या असतात. "पोह्यांत शेंगदाणे कमी असतात" ही त्यातली एक. तिच्यापुढेही आम्ही उत्तर लिहिले आहे.

त्या मुलीची आम्ही माफी मागितली, कार्यालयात आणि त्याच दोन शिक्षकांच्या समोर. ती संकोचली आणि म्हणाली, "सर, चालेल." मग थोडे थांबून तिने विचारले, "पुढच्या वेळी पिल्ले झाली तर मी एकटीने मोजू की कोणाला बरोबर घेऊ?" आम्ही म्हणालो, "कोणाला तरी घे. मोजणारी दोन माणसे असली म्हणजे प्राचार्यांना हसता येत नाही."

ऑक्टोबरात पुन्हा पिल्ले झाली. पहिल्या दिवशी ३१ होती, तीन आठवड्यांनी २२. डब्यात एकही सापडले नाही. आजच्या घडीला टँकमधली गर्दी वाढली आहे. ज्यांच्या घरी स्पंज लावलेला फिल्टर आणि तयार पाणी आहे, त्यांना पिल्ले मिळतील. नोंदणी पाचवीच्या वर्गात, मधल्या सुट्टीत. तयारी आहे की नाही हे ती मुलगी स्वतः विचारते आणि उत्तर पटल्याशिवाय नाव लिहीत नाही. आमचे नाव तिने अजून लिहिलेले नाही. घरी टँक आहे, पण स्पंज आणायचा राहिला आहे.

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि लहान मूल काही सांगायला दारात आले तर फाइल बंद करून ऐका.

आपला,
प्राचार्य